टापटिपीची मर्यादा

घर आवरण्याचे काम कधीतरी कायमचे संपेल, अशी आशा पुष्कळांना असते. फडताळ रिकामे करावे, प्रत्येक वस्तूला निश्चित जागा नेमून द्यावी आणि मग तिकडे पाहण्याची गरजच उरू नये, असे वाटते. परंतु घर म्हणजे वस्तुसंग्रहालय नव्हे. त्यात माणसे वावरतात, मुले वाढतात. आज लावलेले कपाट उद्या विस्कटणारच. निर्दोष व्यवस्थेचा हट्ट धरणारे म्हणूनच बहुधा कामाला हातच घालीत नाहीत. एखादा मोकळा आठवडा मिळाला की सारे एकदम करू, असे ते म्हणतात. आणि तसा आठवडा कोणाच्याच पंचांगात नसतो.

आमचे बिऱ्हाड नोकरीनिमित्त जबलपूरला आहे. सासूबाईंना काचबिंदू झाल्याचे समजले, तोवर त्यांची नजर बरीच अधू झाली होती. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही; उरलेली तेवढी उपचारांनी जपावयाची असते. त्याच सुमारास माझ्या नणंदेने मोठ्या प्रेमाने एकाच घाटाचे स्टीलचे डबे आणले. ते ओळीने मांडले असते, तर फडताळ चित्रासारखे दिसले असते. सासूबाई मात्र जुन्या डब्यांवरून हात फिरवीत म्हणाल्या, “ही चिनी मातीची बरणी मिठाची, हा पोचा आलेला डबा चहाचा आणि ही काचेची बरणी साखरेची. सगळे सारखे झाले, तर मला घोटभर चहासुद्धा करता यायचा नाही.”

नवे डबे साठवणीच्या सामानासाठी वरच्या फळीवर गेले. रोजचे जुनेच राहिले. त्या विजोड मांडणीत सासूबाईंचे स्वावलंबन होते.

हर्बर्ट सायमन या अमेरिकन विद्वानाने १९५६ साली असे प्रतिपादन केले, की सर्वांत उत्तम पर्याय शोधीत बसण्याऐवजी गरज भागविणारा पुरेसा पर्याय स्वीकारून प्राणी आपला व्यवहार चालवितात. १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गृहव्यवस्थेलाही हा विचार लागू पडतो. लागेल ती वस्तू घरातील प्रत्येकाला चटकन सापडावी, एवढी कसोटी पुरे.

त्यासाठी रोज अर्धा तास आणि एकच खण, एवढेच काम ठरवावे. कोठे ठेवावे हे सुचत नाही, अशा वस्तू एका टोपलीत टाकाव्यात. त्यांच्यापायी काम अडवू नये. वेळ संपली की खण लावून उठावे.

काटेकोरपणा अगदीच सोडावा, असे मात्र नाही. औषधे आणि कीटकनाशके यांच्या बाबतीत तडजोड नको. सासूबाईंच्या डोळ्यांत घालावयाच्या थेंबांची बाटली आमच्याकडे तसूभरही हलत नाही. जेथे चुकीची किंमत मोठी, तेथे नेमकेपणा हवा. इतरत्र थोडा पसारा खपवून घ्यावा. घर पाहुण्यांना कसे दिसते, यापेक्षा घरच्यांना ते किती सोयीचे आहे, याला अधिक मोल आहे.