दुसरा गिअर

धावायला मला कोणी शिकवलं असं विचारलं, तर मी बाबांच्या गाडीचं नाव घेईन.

ऐंशीच्या दशकात टिटवाळ्यात गाडी असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यांतलं एक आमचं होतं. ते श्रीमंतीमुळे नव्हे. बाबा शाळांना वह्या-पुस्तकं पुरवायचे. मुरबाड, सरळगाव, धसई, शहापूर अशी त्यांची फिरती. बरीच वर्षं एसटीच्या टपावर गठ्ठे चढवून ते हिंडले आणि मग ओळखीतल्या कुणाकडून त्यांनी वापरलेली गाडी घेतली. मागच्या सीटवर वह्यांचे गठ्ठे, उरलेल्या जागेत दादा आणि मी. शाळेपाशी आम्हाला उतरवून बाबा पुढे जायचे.

थंडीच्या दिवसांत टिटवाळ्याला काळू नदीकडून गारठा येतो. त्या गारठ्यात गाडीची जुनी बॅटरी रात्रीतून उतरलेली असायची. नवी बॅटरी दर वर्षी पुढच्या वर्षावर जायची, कारण जूनमध्ये शाळा सुरू होताना सगळा पैसा मालात अडकलेला असे. त्यामुळे सकाळी धक्का हा आमच्या घरचा नेम होता. आई फाटक उघडायची, बाबा स्टिअरिंगवर बसायचे, दादा आणि मी डिकीला हात लावून वाकायचो. किल्ली फिरवलेली, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला. गाडीनं वेग धरला की बाबा क्लच सोडायचे. गाडी एक गचका खायची, खोकायची आणि सुरू व्हायची.

पहिला गिअर का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. बाबांनी वहीच्या पाठपुठ्ठ्यावर दोन चाकं काढून समजावलं. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनला खूप फिरावं लागतं. मुलांच्या ताकदीनं ते फिरणार नाही, उलट चाकच अडकेल. दुसऱ्यात ओझं कमी होतं आणि इंजिनला हवा तेवढा वेगही मिळतो. जुन्या गाडीची बाकीची व्यवस्थाही धक्क्याला सोयीची होती. पेट्रोल ओढणारा पंप इंजिनच्याच फिरण्यावर चालायचा आणि ठिणगी पडायला अर्धमेल्या बॅटरीतला उरलासुरला जीवही पुरायचा. चाकं फिरली की इंजिन फिरे, इंजिन फिरलं की पेट्रोल येई.

खरी गंमत त्याच्या पुढे होती. गाडी सुरू झाली की बाबांना थांबता येत नसे. इंजिन गरम व्हायच्या आत थांबलं की ते पुन्हा बंद. म्हणून ते तसेच हळूहळू रस्त्याला लागायचे आणि आम्ही दप्तरं सावरत मागे पळायचो. चालत्या गाडीचं दार दादा उघडायचा, आधी मला आत ढकलायचा आणि मग स्वतः उडी मारायचा. रेल्वे फाटक बंद असलं तर आम्हाला दम खायला वेळ मिळे. बाबा मात्र तिथंही ॲक्सिलरेटरवरचा पाय काढत नसत. कधी कधी शेजारचे काका, पेपरवाला किंवा देवळाकडे निघालेलं कुणी अनोळखी माणूस धक्क्याला हात लावायचं. बाबा खिडकीतून हात बाहेर काढून हलवायचे आणि निघून जायचे. मला ते उद्धटपणाचं वाटे. बाबा म्हणाले, “त्यांच्याकडे बघायला थांबलो, तर त्यांचा धक्का फुकट जाईल.” हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा अर्थ कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

शाळेच्या मैदानावर मी शंभर मीटरमध्ये कधी चमकले नाही, पण लांब पळायला सोडलं की थकत नसे. पुढे नोकरी लागली आणि पळणं कल्याणच्या जिन्यांवर आलं. कसारा मार्गावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे लोकल कमी. एक चुकली की घरी पोचायची वेळच बदलते. २००४ च्या फेब्रुवारीत आताची मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा झाली तेव्हा मी ती टीव्हीवर पाहिली. माझ्या वयाच्या बायका रस्त्याच्या मधोमध पळत होत्या आणि त्यांना कुठलीही गाडी पकडायची नव्हती, याचं मला नवल वाटलं. इतकंच. आपण तिथे जाऊ असं मनात आलं नाही.

मनात आलं ते परळला. बाबांना घशाचा कर्करोग झाला आणि टाटा रुग्णालयात त्यांचं रेडिएशन सुरू झालं. १९४१ साली दोराबजी टाटा ट्रस्टनं उभारलेल्या या रुग्णालयात देशभरातून माणसं येतात, हे वाचून माहीत होतं. बाकावर शेजारी बसल्यावर ते कळलं. आठवड्यातले पाच दिवस, कितीतरी आठवडे, आम्ही टिटवाळ्याहून लोकलनं जायचो आणि संध्याकाळी परत यायचो. बाबा थकायचे, गिळताना कळवळायचे, पण रात्री स्वतःच्या अंथरुणावर झोपायचे. नंदुरबारकडचं एक जोडपं रोज आमच्या आगेमागे असायचं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्यांना जागा मिळाली होती आणि त्या जागेबद्दल ती बाई देवाबद्दल बोलावं तशी बोलायची. परळच्या नाना पालकर स्मृती समितीत नंबर लागावा म्हणून थांबलेले लोकही आम्ही पाहिले. ज्यांना कुठेच जागा नव्हती ते रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर होते; डोक्याशी एक्स-रेची पाकिटं, पिशव्यांना बांधलेल्या पाण्याच्या बाटल्या. उपचार स्वस्तात किंवा फुकट मिळाले तरी माणसाला रात्री कुठेतरी पाठ टेकावी लागते, दोन वेळा काहीतरी पचेलसं खावं लागतं. कर्करोगाच्या खर्चाचा हा भाग कुठल्याही बिलात दिसत नाही आणि त्याच भागापायी पुष्कळ जण उपचार अर्धवट सोडून गावी परततात. मला तो प्रकार आजही सहन होत नाही.

बाबा बरे झाले. त्यानंतर मी पळायला लागले. मांड्याकडून गोवेलीच्या दिशेनं, कधी वासुंद्रीकडे नदीच्या बाजूनं, उजाडायच्या आत. मुंबई मॅरेथॉनमध्ये धावण्याच्या काही जागा सामाजिक संस्थांकडे राखीव असतात. संस्थेच्या वतीनं धावायचं, आपल्या ओळखीपाळखीत मदत मागायची, पैसे संस्थेकडे जातात. २००९ पासून हे सगळं काम युनायटेड वे मुंबईमार्फत चालतं. परगावच्या रुग्णांची राहण्या-जेवणाची सोय करणारी संस्था मी निवडली आणि अर्धमॅरेथॉनला नाव घातलं. पैसे मागायला लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. लोकलच्या डब्यातल्या मैत्रिणींनी दिलेल्या नोटांची यादी मी जपून ठेवली आहे.

त्या तयारीच्या दिवसांत मी टेरी फॉक्सबद्दल वाचलं. कॅनडाचा हा मुलगा. हाडाच्या कर्करोगानं अठराव्या वर्षी उजवा पाय गेला. १२ एप्रिल १९८० ला तो कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला, कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे गोळा करत. रोज जवळजवळ एक पूर्ण मॅरेथॉन, असे १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर. मग कर्करोग फुप्फुसांत पोचला आणि त्याला थांबावं लागलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला. सगळं जग त्याच्या पायाबद्दल बोलतं. मला मात्र त्याच्या मागेपुढे असणारी व्हॅन दिसत राहिली. ती त्याचा शाळेतला मित्र डग ऑलवर्ड चालवायचा. मैलभर पुढे जाऊन थांबायचा, टेरी येईपर्यंत वाट पाहायचा, पाणी द्यायचा, पुन्हा मैलभर पुढे. टेरीला समोर दिसायची ती व्हॅन. देशाचं दुसरं टोक नव्हे.

माझी व्हॅन म्हणजे दादा. अर्धमॅरेथॉन माहीमहून पहाटे पाचच्या सुमारास सुटते. टिटवाळ्याची पहिली लोकल धरून ती गाठणं शक्य नसतं. शर्यतीच्या पहाटे मध्य रेल्वे कल्याणहून तीनच्या सुमारास खास लोकल सोडते, पण कल्याणपर्यंत आपलं आपण पोचायचं. दादा म्हणाला, मी सोडतो. गाडी माझी, चालवणार तो.

गोवेली सोडून आम्ही मुरबाड रस्त्याला लागलो आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. हेडलाइट मंदावत गेले, स्टिअरिंग जड झालं आणि उल्हास नदीवरच्या रायते पुलाच्या अलीकडे इंजिन बंद पडलं. दादानं सेल्फ मारला. नुसती टकटक. रस्त्यावर काळोख, थंडी, दूर कुठेतरी कुत्री. दादानं दार उघडून एक पाय खाली टेकवला आणि मी काही न बोलता मागे जाऊन डिकीला हात लावला. आम्हा दोघांनाही तेच सुचलं होतं. पन्नाशीतला माणूस दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून बसला आणि मी अंगात धावण्याचा टीशर्ट, त्यावर नंबराचा बिब, अशी त्याला ढकलत राहिले. गाडी पळाली, गचके खाल्ले. सुरू झाली नाही.

होणारही नव्हती. आताच्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीत असतो आणि विजेवर चालतो. पेट्रोल किती आणि केव्हा सोडायचं हे संगणक ठरवतो, त्यालाही वीज लागते. बॅटरी पुरती उतरली की कितीही ढकला, इंजिनपर्यंत काही पोचत नाही. हे दादाला माहीत होतं, मलाही. तरी ढकलून पाहिल्याशिवाय आमचं मन मानलं नसतं.

मुरबाडकडून भाजीचा टेम्पो आला. कल्याणच्या बाजाराला निघालेला. मागे मेथी आणि मुळ्याच्या जुड्या. ड्रायव्हर उतरला, त्यानं आपल्या बॅटरीवरून केबल लावून दिली. गाडी सुरू झाली आणि केबल काढून थोडा वेळ जात नाही तो पुन्हा विझली. “अल्टरनेटर गेलाय. चार्जच करत नाहीये,” तो म्हणाला. मग माझ्या बिबकडे पाहून त्यानं विचारलं, “ताई, तुम्हाला कुठं जायचंय?”

दादा म्हणाला, “तू जा. गाडीचं मी बघतो.”

मी टेम्पोत बसले. मागे वळून पाहिलं तर दादा खिडकीशी उभा राहून हात हलवत होता. कांबा, वरप, म्हारळ मागे पडली. ड्रायव्हरला मी कशासाठी धावतेय ते सांगितलं. त्यानं फार काही विचारलं नाही, फक्त गाडी जरा जोरात काढली. कल्याणला स्टेशनजवळ मी उतरले आणि त्याचं नाव विचारणार, इतक्यात मागून हॉर्न वाजायला लागले. तो बाजाराकडे वळला, मी जिन्याकडे पळाले. तेव्हा बाबांचं ते वाक्य मला समजलं. ज्याचा धक्का लागतो त्याला तिथेच सोडून पुढे जावं लागतं, आणि आपण पुढे जावं हीच त्याचीही इच्छा असते. नंदुरबारची ती बाईसुद्धा तिच्या खाटेचे पैसे कुणी भरले हे कधी जाणणार नाही. जाणायची गरजही नाही. रेडिएशन पुरं होऊन ती घरी गेली म्हणजे झालं.

वांद्रे-वरळी सागरी सेतू गाड्यांसाठीच बांधलेला आहे. तिथे चालत जाता येत नाही, दुचाकी नेता येत नाही. २००९ मध्ये तो खुला झाला. मॅरेथॉनच्या पहाटे तो पावलांना मिळतो. अंधारात, दिव्यांच्या रांगेखालून, हजारो बुटांचा आवाज ऐकत मी तो ओलांडला. बंद पडलेल्या गाडीला इथे उभं राहायला जागा नाही, हेही डोक्यात येऊन गेलं.

पेडर रोडच्या चढावर, जसलोकच्या अलीकडे, फोन वाजला. रस्त्यावर मदत देणाऱ्यांना दादानं कळवलं होतं; गाडी उचलून न्यायला माणूस आला होता, पण गाडी माझ्या नावावर असल्यामुळे ओटीपी माझ्या फोनवर गेलेला. दोन्ही बाजूंना लोक उभे, हातांत संत्री आणि बिस्किटं, “चला ताई, चढ संपत आलाय” असं ओरडणारे. मी पावलं न थांबवता चष्मा कपाळावर चढवून एकेक आकडा वाचला. दादानं तो मोठ्यानं त्या माणसाला सांगितला. माझ्या शेजारून धावणाऱ्या मुलीनं विचारलं, “सगळं ठीक आहे ना?” मी म्हटलं, “गाडी निघाली.”

केम्प्स कॉर्नरचा उतार, चौपाटी, मरीन ड्राइव्हचं ऊन. शेवटी पोटऱ्या दगड झाल्या होत्या. पदक गळ्यात पडल्यावर मी पहिला फोन दादाला केला. तो गॅरेजसमोर टपरीवर चहा घेत होता.

दुपारी घरी बाबांनी सगळं खोदून खोदून विचारलं. शर्यतीचं कमी, गाडीचं जास्त. आताच्या गाड्यांना धक्का चालत नाही हे मी वहीवर चित्र काढून समजावलं. टाकीतला पंप, संगणक, वायरी. त्यांनी ते नीट पाहिलं आणि विचारलं, “मग रात्री रानात अडकलेल्या माणसानं करायचं काय?” दादा म्हणाला, फोन करायचा. बाबांना ते पटलं नाही. रेंज नसली तर, असं ते दोनदा म्हणाले. मग आम्ही जंपर केबल घेतली. ती आता डिकीत असते.

गाडी आणायला गेले तेव्हा मेकॅनिकनं जुना अल्टरनेटर उघडून झिजलेले ब्रश दाखवले. नव्या भागाचे पैसे घेतले. मजुरी घेईना. दादानं त्याला सगळं सांगितलं होतं. “ती त्या पेशंटांकडं टाका,” तो म्हणाला. मी ती रक्कम त्याच्या नावानं संस्थेत भरली आणि आठवड्यानं पावती घेऊन गेले. त्यानं हात पुसून ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली.

“पुढच्या वर्षी पण पळणार?”

“हो.”

“मग डिसेंबरातच गाडी दाखवून जा, ताई. बेल्ट पण बघायचाय.”