दमसास

आमच्या निफाडात थंडीच्या दिवसांत शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची असते. कादवेकाठच्या मळ्यात वाढलेल्या माणसाला विहिरीवरच्या मोटारीची घूं ऐकतच झोप लागते. मोटार चालू असेपर्यंत घरात कुणाचीही झोपमोड होत नाही. ती बंद पडली की मात्र तिघंजण एकदम उठून बसतात. "लाइट गेली का?" म्हणजे झोपेतही आम्ही ती ऐकतच होतो. हे मला कळायला वयाची पन्नाशी उलटावी लागली. तेही मेलबर्नहून आलेल्या भाच्यामुळे.

नाताळच्या सुट्टीत तो आला तेव्हा त्याच्या सामानात चारेक फुटांची एक लाकडी नळी होती. डिजरिडू. निलगिरीच्या जातीचं झाड, आतला गाभा वाळवीनं पोखरलेला, तोंडाशी मेणाची कड. ना पडदा, ना भोकं. चार दिवस ओट्यावर त्याची नुसती फर्रफुर्र चालली होती, शेजारची पोरं हसून गेली. पाचव्या दिवशी संध्याकाळी सूर धरला गेला. आधी कुत्रं उठलं आणि द्राक्षबागेकडे निघून गेलं. मग स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची एक थाळी बारीक थरथरली.

मोबाइलवर हा आवाज मी पूर्वी ऐकला होता, पण तिथे फक्त वरची भणभण येते. तळ येतच नाही. या वाद्याचा मूळ सूर सेकंदाला साधारण साठ ते ऐंशी कंपनांचा, मोबाइलच्या टिकलीएवढ्या स्पीकरला तो झेपत नाही. ओट्यावर बसून ऐकताना तो कानाआधी बरगड्यांना कळला.

आपला कान भजनावर पोसलेला. तो आधी चाल शोधतो, मग सम शोधतो, मान हलवायला जागा शोधतो. इथे तसं काहीच नाही. थोडा वेळ कान रिकामा हिंडतो आणि मग भलतीच वाट पाहू लागतो : हा आता दम घेईल. आता घेईल. तो घेतच नाही. गालात साठवलेली हवा बाहेर ढकलता ढकलता तो नाकानं आत घेतो, आणि सूर तुटत नाही. काही वेळानं लक्षात आलं, की श्वास माझाच अडकलाय. वाजवणारा निवांत, ऐकणाऱ्याला धाप!

ती धाप ओसरल्यावर त्या एका सुरात दुसरं काहीतरी हलायला लागलं. आ, ओ, ई असे स्वर, मधूनच हुंकार. हा भास नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २००५ साली 'नेचर'मध्ये याचा उलगडा छापला आहे. वादक जीभ आणि गळा आवळतो-सोडतो, त्यानं आवाजातले काही अंश दाबले जातात आणि उरलेले ठळक होतात. बोलताना आपण स्वर बदलतो, जवळपास तसंच.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून तिनं नळीच्या टोकाशी तळवा धरला आणि म्हणाली, "जातं आहे हे." चाळीसेक वर्षांपूर्वी मागच्या पडवीतून निघालेलं जातं तिला नेमकं तळव्यातून आठवलं. ओव्या लोकांनी वह्यांत उतरवून घेतल्या, पण त्यांच्या खालची घरघर उतरवायला लिपी नव्हती. लग्नातल्या सनईचंही तेच. वाजवणाऱ्याकडे सगळे बघतात, शेजारी गाल फुगवून नुसता सूर धरणारा जेवायच्या पंगतीतही कुणाला आठवत नाही.

भाच्यानं एक स्विस अभ्यासही सांगितला. झोपेत श्वास अडणारे, घोरणारे २५ जण. त्यांतल्या काहींनी चार महिने डिजरिडू वाजवलं. त्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि शेजारी झोपणाऱ्यांचीही झोपमोड घटली. २००६ साली तो 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. आमच्या सौभाग्यवतींनी यावर माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी विषय थिनिंगकडे वळवला.

तर थिनिंग. त्या दिवसांत बागेतले घड विरळायला सुरगाण्याकडची टोळी होती. मार्गशीर्षाची पौर्णिमा उरकून नुकतीच परतलेली. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवासाठी टोळीतली निम्मी माणसं दरवर्षी गावी जातात आणि आम्ही बागाईतदार इथे कुरकुरतो, मीही कुरकुरलो होतो. शेडपाशी शेकोटी पेटली होती. तिथून टोळीतले एक म्हातारबाबा कान टवकारत ओट्याशी आले. "दादा, पावरी कोण वाजवतंय?"

नळी पाहून हिरमुसले. "भोपळा कुठंय हिला?" त्यांच्याकडची पावरी वाळल्या भोपळ्याची, त्यात मेणानं बसवलेल्या बांबूच्या नळ्या, वर मोरपिसांचा साज. आत पात. दम तिथेही तुटू द्यायचा नाही. पावरकरानं ती धरली की ऐकणाऱ्यांच्या अंगात वारं येतं, ते म्हणाले. 'पाऊस येतो' इतक्या साधेपणानं.

"हे कशासाठी वाजवता?" त्यांनी भाच्याला विचारलं.

"रिलॅक्स व्हायला, बाबा. मन शांत होतं."

"एकट्यानं?"

भाचा गप्प झाला. त्याला हे माहीत होतं खरंतर. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये योलंगू लोक या वाद्याला यिडाकी म्हणतात. तिथे ते गाण्याखाली, नाचाखाली, बिल्मा नावाच्या टिपऱ्यांच्या ठेक्यावर वाजतं. 'डिजरिडू' हे नाव तर बाहेरून आलेल्या गोऱ्यांनी आवाजावरून ठेवलेलं. गाणं काढून घेतलं आणि खालचा सूर तेवढा ध्यानाच्या दुकानात मांडला. जव्हार-डहाणूकडच्या तारपा या वाद्याचंही आपण तसंच करत आणलंय. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतला तो नाचाचा फेरा आपण चहाच्या कपावर छापतो. फेऱ्याच्या मधोमध उभा वादक, नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत. तो दमानं वाजवतो, हे नाचणाऱ्या पायांना माहीत असतं. कपाला कुठून माहीत असणार!

"बघू," म्हणत बाबांनी नळी हातात घेतली. थंडी मी म्हणत होती. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा सकाळच्या पेपरात येणार, हे नक्की. बागांमधून शेकोट्यांचा धूर सरपटत होता. त्यांनी ओठ लावले, गाल फुगवले. सूर निघाला नाही. पावरीत पात थरथरते, इथे ओठ थरथरवावे लागतात, आणि तशी सवय त्यांच्या ओठांना नव्हती. नुसती हवा नळीतून वाहत राहिली. हूऽऽस. भाचा काहीतरी शिकवायला पुढे झाला आणि थांबला.

कारण ती हवा तुटत नव्हती. गाल भरत होते, रिते होत होते, नाकपुड्या किंचित हलत होत्या, आणि आवाज नसलेला तो दम एकसंध चालला होता. आई ओट्याच्या कडेला बसली. शेकोटीपाशी बोलणं चाललं होतं, तेही थांबलं. किती वेळ गेला, सांगता येणार नाही.

विहिरीवरची मोटार त्या वेळी चालू होती की बंद, तेही मला आठवत नाही.