पाण्याच्या पोटातला गारवा

वैशाखात लातूर-नांदेडकडे दुपारी घरात बसवत नाही. ज्यांना परवडते ते महाबळेश्वर गाठतात. बाकीच्या आपण माठाला ओले फडके गुंडाळायचे नि दारे-खिडक्या लावून घ्यायच्या. पण मैत्रिणींनो, गारव्यासाठी आपल्या मराठवाड्यात चारशे वर्षांपूर्वी चक्क धरणाच्या पोटात महाल बांधला गेला आहे!

हे नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, धाराशिव जिल्ह्यात. १९८२ मध्ये लातूर वेगळे होईपर्यंत आम्हीही त्याच जिल्ह्यातले. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, मीर इमादीनने बोरी नदी अडवून नळदुर्ग आणि रणमंडळ हे दोन किल्ले दगडी बंधाऱ्याने जोडले. त्या भिंतीतच जिना उतरून जावे लागते, तो पाणी महाल. पावसाळ्यात बंधारा भरला की दोन ठिकाणांहून पाणी उडी घेते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. झरोक्यात उभे राहावे तर समोर पाण्याचा पडदा, आणि आतली भिंत कोरडी! बरोबरची शेजारीण भिंतीला हात लावून म्हणाली, "अगं बाई, आणि आमचा स्लॅब पहिल्या पावसातच गळतो!"

उन्हाळ्यात तो पडदा नसतो. तेव्हा गारवा देतात ते जाड दगड नि पाठीशी साठलेले पाणी. आपली जुनी माळवदाची घरेही जाड भिंतींमुळेच गार राहत.

दख्खनच्या सुलतानांना असल्या जलमहालांची हौसच होती. नगरचा फराहबाग पाण्याच्या मधोमध उभारला, तर विजापूरजवळ कुमटगीला तळ्याकाठी विलासमहाल बांधले. पण नळदुर्गला बंधाऱ्याने किल्ल्याला पाणी दिले, संरक्षण दिले, आणि वर महालाची हौसही भागवली. नांदेडकडे कंधारलाही राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग तलाव आहेच. आधी साठा, मग थाट, ही रीत आपल्या स्वयंपाकघरासारखीच!

पुढे आपण ती विसरलो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा लातूरच्या घराघरांत घागरी-बादल्या मोजून पाणी वापरले जात होते. पहिल्या गाडीने ५ लाख लिटर आणले होते. म्हणून वाटते, पाणी महाल मुलांना दाखवावा तो राजाची चैन म्हणून नव्हे, तर पाणी अडवणाऱ्यांची करामत म्हणून.

जायचे तर चांगला पाऊस झाल्यावर, श्रावण-भाद्रपदात. धपाटी नि शेंगाचटणी बरोबर घ्या. पायऱ्या निसरड्या असतात, तेव्हा मुलांचा हात सोडू नका.