घेवडा निवडणारी बाई

रात्र. संपातला जिवलग सोबती गोळी लागून गेला आहे, पोटचा पोरगा संप फोडून घराबाहेर पडला आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बाई घेवडा निवडत बसते. थोड्या वेळाने नवराही समोर बसून निवडायला लागतो. बोलणं नाही. एकेक दाणा पडल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. लेऑन हिर्शमन यांचा १९८१चा चित्रपट. पोर्तुगीज नावाचा अर्थ ‘ते ब्लॅक-टाय घालत नाहीत’. बाई म्हणजे फर्नांदा मोंतेनेग्रो. रडण्याचे प्रसंग मी पुष्कळ पाहिलेत, पण हातांनी रडणारी नटी ही एकच.

*

समोर बसलेला नवरा म्हणजे जान्फ्रान्सेस्को ग्वार्निएरी. मूळ नाटक त्यांचंच. १९५८ साली रंगमंचावर त्यांनी त्यातल्या मुलाचं काम केलं होतं, चित्रपटात बापाचं. म्हणजे ज्या पोराला घराबाहेर काढायचं, तो कधीकाळी ते स्वतःच होते!

*

बाईंचं खरं नाव आर्लेत. जन्म रिओचा, १६ ऑक्टोबर १९२९. घर कामगाराचं. पंधरा-सोळाव्या वर्षी सरकारी रेडिओवर लागल्या, निवेदन आणि श्रुतिका करू लागल्या. नाव बदललं ते तिथेच. ‘फर्नांदा’ हे त्यांना एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीतलं वाटे. ‘मोंतेनेग्रो’ हे आडनाव घरच्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांचं, ज्यांच्या हाताला गुण होता म्हणतात. अर्धं नाव कादंबरीतून, अर्धं दवाखान्यातून.

*

१९५१. रिओत टीव्ही नुकताच सुरू झालेला, आणि तुपी वाहिनीने करारावर घेतलेली पहिली नटी ह्याच. नाटकं थेट प्रक्षेपित व्हायची. वाक्य विसरलं तर विसरलं, पुन्हा टेक नाही. टेपही नाही, त्यामुळे त्यातलं फारसं काही उरलेलं नाही. १९५९मध्ये पती फर्नांदो तोर्रेस आणि मित्रांबरोबर ‘तेआत्रो दूस सेत्ते’ म्हणजे ‘सातांचं थिएटर’ काढलं. नेल्सन रॉड्रिग्ज यांचं ‘डांबरी रस्त्यावरचं चुंबन’ हे नाटक १९६१मध्ये रंगमंचावर आलं, ते बाईंनीच मागे लागून लिहून घेतलेलं.

*

आणि हीच बाई १९८३च्या ‘गेर्रा दूस सेक्सूस’ मालिकेत पाउलो आउत्रान यांच्या तोंडावर नाश्ता फेकते. रंगभूमीवरचे दोन दिग्गज, आणि टेबलावरचं सगळं एकमेकांच्या अंगावर! ब्राझीलमध्ये अनेकांना त्यांचं पहिलं हेच आठवतं. मला त्यात काही गैर वाटत नाही.

*

१९८५. लष्करी राजवट संपली. राष्ट्राध्यक्ष सार्ने यांनी सांस्कृतिक मंत्रिपद देऊ केलं. बाईंनी नम्रपणे नाही म्हटलं. आपली जागा रंगमंचावर आहे, हे त्यांना ठाऊक होतं. मंत्री काय, पुष्कळ मिळतात.

*

‘सेंत्राल दु ब्राझिल’, १९९८, दिग्दर्शक वाल्तर सालेस. रिओच्या मुख्य रेल्वे स्टेशनात टेबल टाकून निरक्षरांची पत्रं लिहिणारी दोरा, निवृत्त शिक्षिका. पैसे घेते, पत्रं टाकत नाही. काही फाडते, काही खणात ठेवते. आई वारलेल्या पोराला विकून टीव्हीसुद्धा घेते. अशी बाई आपल्याला आवडावी, हे अवघड काम. मोंतेनेग्रो ते गोड होऊन करत नाहीत. दोरा चांगली होते ती चिडत, कुरकुरत, जणू चांगुलपणाची बस चुकून पकडलेली.

शूटिंगच्या वेळी स्टेशनातली खरी माणसं त्या टेबलाशी येऊन बसली आणि आपापली पत्रं सांगू लागली. सुरुवातीला कॅमेऱ्यात दिसतात त्यातली बरीच तीच. त्या दृश्यांत बाईंचा चेहरा पाहावा. ऐकणं हाही अभिनयच असतो, आणि तो शिकवता येत नाही. पोराचं काम केलेला व्हिनिसियुस विमानतळावर बूटपॉलिश करणारा मुलगा होता. सालेस यांना तो तिथेच भेटला.

*

त्याच वर्षी बर्लिन महोत्सवात चित्रपटाला सुवर्ण अस्वल, बाईंना अभिनयाचं रौप्य. पुढच्या वर्षी ऑस्करचं नामांकन. अभिनयासाठी ब्राझीलच्या नटीला पहिल्यांदाच, तेही पोर्तुगीज बोलून. २१ मार्च १९९९च्या रात्री बक्षीस ग्वेनेथ पॅल्ट्रोला गेलं. तो निकाल मला अजून पटलेला नाही.

*

लेक फर्नांदा तोर्रेस. कान महोत्सवात १९८६ सालीच अभिनयाचं पारितोषिक, वय जेमतेम विशीचं. २०२५मध्ये तीही ऑस्करच्या त्याच विभागात, पुन्हा सालेस यांच्याच चित्रपटासाठी. तीही हरली. जिंकली मायकी मॅडिसन, जिचा जन्म २५ मार्च १९९९चा. आई हरली त्यानंतर चौथ्या दिवशी जन्मलेली पोर लेकीला भारी पडली! असं कुणी कथेत लिहिलं असतं तर संपादकाने ओढूनताणून आणलंय म्हणून कापलं असतं.

*

२०२२मध्ये बाई ब्राझीलच्या साहित्य अकादमीत सतराव्या खुर्चीवर बसल्या. तिथे पोचलेली ही पहिली अभिनेत्री. लेखकांनी नटीला आपल्यात घेतलं, बरं केलं. इतकी वर्षं त्यांची वाक्यं तिनेच तर जगवली.

*

लेकीला ऑस्करपर्यंत नेणारा सालेस यांचा तो २०२४चा चित्रपट ‘आइंदा एस्तो आकी’, म्हणजे ‘मी अजून इथेच आहे’. १९७१मध्ये लष्करी राजवटीने घरातून उचलून नेलेले माजी खासदार रुबेन्स पाइव्हा, आणि मागे उरलेल्या त्यांच्या पत्नी युनिस. तरुण युनिस लेकीने केली, म्हातारी आईने. स्मृतिभ्रंश झालेली युनिस चाकांच्या खुर्चीत बसली आहे. टीव्हीवर नवऱ्याचं छायाचित्र येतं. चेहऱ्यावर काहीतरी हलतं.

रेडिओवर नुसत्या आवाजाने सुरुवात केलेल्या बाईंना इथे बोलायला जवळजवळ काहीच नाही. चित्रीकरणाच्या वेळी नव्वदी उलटून गेली होती. या चित्रपटाने ब्राझीलला सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं पहिलं ऑस्कर मिळवून दिलं.