छाती कोरडी होईपर्यंत

अ‍ॅट्रोपिनच्या एका अँप्यूलमध्ये 0.6 मिलिग्रॅम औषध असतं. ऑपरेशनआधी एवढं एकच दिलं तरी पेशंट तोंडाला कोरड पडली म्हणून पाणी मागतो. फवारणीचं विष भिनलेल्या माणसाला मात्र सुरुवातच तीन अँप्यूलनं होते. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर सहा, मग बारा.

मी विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचं लक्ष इकडे वळलं. आमच्याकडे असे पेशंट दर पावसाळ्यात येतात. त्यातला एक तरुण मजूर मला विसरता येत नाही. पाठीवरचा पंप गळत होता, शर्ट औषधानं चिंब झाला होता. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि छातीत स्टेथोस्कोप न लावताही ऐकू येणारी घरघर.

कपडे काढून साबणानं अंग धुणं, ऑक्सिजन लावणं एकीकडे चालू होतं. त्यासाठी अ‍ॅट्रोपिन थांबवायचं नसतं. ऑर्गॅनोफॉस्फरस विषानं फुप्फुसात एवढा स्राव साठतो की माणूस आतल्या आत बुडू लागतो. अ‍ॅट्रोपिन तो स्राव थोपवतं, मंदावलेलं हृदय वर आणतं. सोबतची सिस्टर अँप्यूल फोडत होती, मी सिरिंजमध्ये ओढून शिरेतून देत होते. काचांचा ढीग पाहून त्याची आई घाबरली. "मॅडम, येवढं औषध कायले देऊन रायल्या? लेकराले सोसंल का?" मी म्हटलं, "मावशी, छाती मोकळी होईस्तोवर द्यावंच लागते."

पूर्वी ठराविक वेळानं थोडं थोडं द्यायची पद्धत होती. 2012 मध्ये बांगलादेशातल्या चितगावचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डोस झपाट्यानं दुप्पट करत नेऊन मग ड्रिप लावलेल्या गटात मृत्यू सुमारे 22 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आले होते. तालुक्याच्या ठिकाणी एवढा फरक पाडणारं आणि इतकं स्वस्त दुसरं औषध मला माहीत नाही. म्हणून फवारणीच्या दिवसांत अ‍ॅट्रोपिनचा साठा मी स्वतः मोजते.

बारा अँप्यूलच्या डोसनंतर त्याच्या छातीचा तळ मोकळा वाजला. काख कोरडी, नाडी ऐंशीच्या वर, वरचं बीपीही ऐंशीच्या पुढे. बाहुल्या अजून बारीकच होत्या, पण त्या उशिरा मोठ्या होतात. त्यांच्यासाठी डोस वाढवत बसायचं नाही. एकूण 12.6 मिलिग्रॅम गेलं होतं. त्याच्या दहा ते वीस टक्के औषध दर तासाला ड्रिपमधून द्यायचं असतं. डॉक्टरांनी तासाला चार अँप्यूल लिहिली आणि दर पंधरा मिनिटांनी तपासायला सांगितलं.

खरी परीक्षा रात्री होती. तो चादर ओढू लागला, समोर नसलेल्या बैलांना हाका मारू लागला. अंग तापलं होतं, पोटातले आवाज बंद, लघवी तुंबलेली. घरच्यांना वाटलं विष डोक्यात गेलं. ही लक्षणं अ‍ॅट्रोपिन जास्त झाल्याची होती. डॉक्टरांना बोलावलं, ड्रिप थांबवली, कॅथेटर घातला. तो शांत झाल्यावर ड्रिप पुन्हा लावली, पण कमी वेगानं. पूर्ण बंद करून चालत नाही; विष अंगात असतं, छाती परत भरू शकते.

अ‍ॅट्रोपिन सगळं सांभाळत नाही. स्नायूंच्या लुळेपणावर त्याचा काही उपाय चालत नाही, आणि पेशंट बोलायला लागल्यावरही पहिल्या चार दिवसांत श्वासाचे स्नायू अचानक दगा देऊ शकतात. म्हणून मी प्रत्येक पाळीत त्याला उशीवरून मान उचलायला लावायचे. मान उचलता आली नाही, की व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात हलवायची तयारी करायची, श्वास अडण्याची वाट बघायची नाही. त्यानं प्रत्येक वेळी मान उचलली. नवीन आलेल्या सिस्टरना मी ही तपासणी अ‍ॅट्रोपिनच्या तक्त्याखालीच लिहून देते.