ट्रॉलीचा आख

ट्रॅक्टर घ्यायला निघालेला शेतकरी दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो अश्वशक्तीचा. किती ओढील, चढावर दम खाईल का, दोन ट्रॉल्या लावल्या तर चालेल का, हे सारे बारकाईने विचारून घेतो. मागून येणाऱ्या ट्रॉलीला ब्रेक आहे का, हा प्रश्न मात्र सातारा-सांगलीकडच्या माझ्या इतक्या वर्षांच्या वास्तव्यात मी क्वचितच ऐकला आहे. कृष्णाकाठचा मुलूख बहुतांशी सपाट. हंगामात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागे डुलत कारखान्याकडे जातात. मागे लाल फडके किंवा रेडियमची पट्टी असते. सपाट रस्त्यावर ओढण्याचीच काय ती चिंता, थांबण्याची आठवण ओढ्याच्या उतारावर होते.

मी मूळचा वसईचा. आमच्याकडे केळी आणि पानवेलीची पाने वाहणाऱ्या बैलगाड्या माझ्या लहानपणी होत्या. चाकाचा तुंबा, त्यातून निघणारे आरे, भोवतीची लोखंडी धाव आणि दोन्ही चाकांना जोडणारा आख हे शब्द मी शाळेत जाण्यापूर्वीच शिकलो. साट्याखाली वंगणाचा नळा टांगलेला असे. आख कोरडा पडला की गाडी कुरकुरू लागे आणि गाडीवान खाली उतरे. गाडीच्या मानाने बैल हाच तिचा ब्रेक होता. उतारावर तो पाय रोवून मागे रेलत असे आणि सारा भार जुवावाटे त्याच्या मानेवर येई. घाटात चाकांखाली दगडाची उटी घेऊन चालणारा माणूस लागे, तर कुठे गाडीमागे लाकडाचा ओंडका बांधून ओढत नेत.

इकडे आल्यावर मला जाणवले ते असे, की या मातीने लोखंडाशी फार लवकर मैत्री केली. औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना आणला. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी नांगर विकले! आज कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत रस्त्याकडेच्या शेडमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या उडताना दिसतात आणि तिथे ट्रॉल्या जन्माला येतात. साधी वस्तू आहे ती. पोलादी साटा, पाटे, चौकोनी आख, दोन्ही टोकांना कातलेले स्पिंडल, त्यांवर बेअरिंग, हब आणि चाक. तिला इंजिन नाही, सुकाणू नाही. जिथे नेतील तिथे ती जाते, असे आपल्याला वाटते.

वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-तीन टन. मागच्या दोन भरल्या ट्रॉल्यांचे मिळून पंधरा-वीस टन. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक असतात ते केवळ मागच्या चाकांना. तेही डावे-उजवे स्वतंत्र, कारण शेतात वळताना एकच चाक रोखायचे असते. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल खिटीने एकत्र जोडायचे असतात. ती खिटी लावायची राहिली, तर घाईत एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो. खिटी लावली तरी मागचे वीस टन थांबायला तयार नसतात. ते हुकावाटे ट्रॅक्टरला पुढे लोटतात, आणि ट्रॅक्टर जरा तिरका झाला की ट्रॉली त्याला चाकूच्या पात्यासारखा आपल्यावर दुमडून घेते. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हे शाळेच्या पुस्तकात आहे. उताराला ते पाठ करायची गरज नसते.

दोन चाकी ट्रॉलीची आणखी एक गोष्ट बैलगाडीवाल्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. भार आखाच्या पुढे अधिक पडला तर बैलाची मान दबते, मागे अधिक पडला तर जू वर उचलले जाते आणि गळ्याला पट्टा बसतो. ट्रॉली मागे जड झाली तर ती हुक उचलते. मग ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची, म्हणजे ज्यांना ब्रेक आहेत त्याच चाकांची, जमिनीवरची पकड सुटते. मानेवरच्या या भाराचा विचार आपल्याकडे झालेला नाही असे नव्हे. बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्यासाठी आयुष्यातील मोठा काळ वेचला. आणि २०२२ साली वाळवा तालुक्यातील राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील विद्यार्थ्यांनी जुवाखाली, दोन बैलांच्या मध्ये, जमिनीवर फिरणारे एक छोटे चाक बसवले. त्याला त्यांनी 'सारथी' असे नाव दिले. मानेवरचा भार ते चाक घेते. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन यांनी नोंदवून ठेवले आहे, की येशू सुतारकाम करताना नांगर आणि जू घडवीत असे. त्या मुलांचे छायाचित्र वर्तमानपत्रात पाहिले तेव्हा मला हे वाक्य आठवले आणि उगीच आनंद झाला.

ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्या बहुधा मराठवाड्यातून, बीडकडून येतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुष्काळी भागातूनही येतात, आणि त्यांत काही आपली कुटुंबे असतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. रविवारी मिस्सेला येणे त्यांना बहुतेक वेळा जमत नाही, म्हणून संध्याकाळी मीच त्यांच्या खोपटांकडे जातो. पहाटे रिकाम्या ट्रॉलीत बसून बाया फडावर जातात. मांडीवर मूल, पायाशी भाकरीची पाटी, कडेला घागर. त्या ट्रॉलीत सीट नाही, कठडा नाही, धरायला दोरखंड तेवढा.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका ओढ्याच्या उतारावर भरलेल्या ट्रॉलीचा आख मोडला. चाक निसटले, ट्रॉली कलंडली आणि शेजारून चालत जाणारा टोळीतला एक तरुण उसाखाली सापडला. तो आपल्या समाजाचा होता. त्याचा दफनविधी मी केला. गावाकडची माणसे येईपर्यंत दुपार झाली. तोवर त्याची बायको कोयता मांडीवर घेऊन बसली होती आणि कुणी तो काढून घेऊ लागले की घट्ट धरत होती. मोडलेला आख मी नंतर पाहिला. तो पूर्वी एकदा वाकला होता आणि वेल्डिंग करून सरळ केलेला होता. जोडाच्या कडेला गंजाचा जुना काळा डाग होता आणि उरलेला भाग ताजा, चकचकीत. म्हणजे निम्मी चीर आधीच पडलेली होती. कुणालाही दिसली नव्हती, कारण वरून चिखल आणि वंगण होते.

आमच्या धर्मग्रामातले एक फिटर आहेत. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, मीही म्हणतो. पुढच्या हंगामाच्या तोंडावर त्यांच्या शेडमध्ये दुसऱ्या एका शेतकऱ्याची ट्रॉली आली. तिचा आख वाकलेला होता, टायर आतल्या कडेने झिजले होते. मालक, ज्यांना गावात आण्णा म्हणतात, घाईत होते.

"मिस्त्री, जॉइंट मारून द्या की. एवढा हंगाम निघंल."

"आण्णा, जॉइंट न्हाई मारणार. आख नवा घाला, न्हाईतर दुसऱ्याकडं न्या."

"आणि खर्च?"

मिस्त्रींनी उत्तर दिले नाही. आण्णा माझ्याकडे पाहू लागले, बहुधा मी मध्यस्थी करीन अशा आशेने. मी त्यांना ओढ्याच्या उताराची गोष्ट सांगितली. ती त्यांना ठाऊक होतीच. ते बराच वेळ बिडीच्या थोटकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आख घालताय तर ब्रेकबी घाला. पुन्हा पुन्हा खोलायला नको."

पुढचे तीन दिवस जमेल तेव्हा मी शेडमध्ये जाऊन बसलो. काम मोजमापाचे असते. नवा आख साट्याखाली ठेवला, यू-बोल्ट हलकेच आवळले. मग हुकाच्या पिनेपासून आखाच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरी धरली. एक टोक माझ्या हातात होते. दोन्ही अंतरे सारखी भरेपर्यंत मिस्त्रींनी आख हातोड्याने बोटभर इकडे, केसभर तिकडे सरकवला. अंतरात फरक राहिला तर ट्रॉली खेकड्यासारखी तिरकी चालते आणि टायर खाते. मग हब. तळहातावर वंगण घेऊन बेअरिंगच्या रोलरांत ते दाबून भरायचे. नट आवळताना चाक फिरवत राहायचे, आणि शेवटी नट किंचित सैल करून पिन घालायची. घट्ट राहिला तर बेअरिंग जळते, सैल राहिला तर चाक डगमगते.

ब्रेक बसवले ते ड्रमचे, तेलाच्या दाबावर चालणारे. ट्रॅक्टरचे पेडल दाबले की नळीतून दाब ट्रॉलीपर्यंत जातो आणि आतले शू फाकून ड्रमला घासतात. ट्रॉली स्वतःलाच रोखू लागते. मला आठवले ते हडपसर. पुण्यात सेमिनरीत असताना सुट्टीच्या दिवशी आम्ही सायकलवरून तिकडे जात असू आणि ग्लायडर पाहत असू. इंजिन नसलेले ते विमान पंख सोडवून लांबट, हलक्या ट्रेलरमध्ये ठेवता येते. युरोपात साडेसातशे किलोंहून जड ट्रेलरला ब्रेक असणे कायद्याने सक्तीचे आहे आणि हलक्या ट्रेलरांना तो बहुधा धक्क्याचा असतो. पुढची मोटार मंदावली की ट्रेलर तिला लोटू पाहतो. त्या लोटण्यानेच जोडातला दांडा मागे सरकतो, तार ताणली जाते आणि ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतो. मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा त्यांनी हात पुसत विचारले, "आणि मागं घेताना वो फादर? मागं लोटलं की बी ब्रेक लागणार की." प्रश्न अचूक होता. उलट्या दिशेने फिरताना ब्रेक सुटावा, अशी सोय त्या ट्रेलरांच्या ड्रममध्ये केलेली असते. मला ते समजावता येईपर्यंत त्यांनी पाटीवर खडूने त्याची आकृती काढलीसुद्धा.

चौथ्या दिवशी ट्रॉलीत खडीची पोती भरली आणि ओढ्यापर्यंत नेऊन आणली. नवे लायनर ड्रमला बसायला थोडे घासावे लागतात, म्हणून उतारावर चार-पाच वेळा थांबवली. परतल्यावर मिस्त्रींनी चारही हबांना तळवा लावून पाहिला. डावीकडचा मागचा हब जरा जास्त तापला होता. आण्णा म्हणाले, "चालतंय की." मिस्त्रींनी ऐकले नाही. टोपण काढले, पिन उपटून फेकली, नट एक खाच मागे घेतला आणि नवी पिन घातली. जुनी पुन्हा वापरायची नसते. मग दिवा लावून त्यांनी उरलेले तीन हबही उघडले.