विसरण्याचा गुण

विसराळू माणसाला आपल्याकडे नावे ठेवतात. माझी उभी नोकरी मात्र एका विसराळू वस्तूच्या भरवशावर गेली. ती वस्तू म्हणजे रिले.

घर पेडण्यात आणि नोकरी डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या प्लांटवर. खनिज चाळणारी, धुणारी आणि पट्ट्यांवरून वाहून नेणारी यंत्रे ज्या पॅनेलवरून चालत, तिथे माझी ड्यूटी. रिले उघडून पाहिला तर आत गूढ काही नाही. लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची कॉइल, समोर लोखंडाची पट्टी, तिला मागे ओढणारी स्प्रिंग आणि कॉन्टॅक्ट. कॉइलला वीज मिळाली की गाभा चुंबक होतो, पट्टी ओढली जाते. उघडे कॉन्टॅक्ट मिटतात, मिटलेले उघडतात. वीज गेली की स्प्रिंग सारे पूर्ववत करते. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास हीच युक्ती केली होती. क्षीण प्रवाहाने बलवान प्रवाहाला हुकूम द्यायचा, एवढेच तिचे सार. मोटर चालवणारा कॉन्टॅक्टर हा रिलेचाच थोरला भाऊ.

वायरिंग शिकवली ती आमच्या मेस्तांनी. ते म्हणत, "पुता, पयलीं थांबोवपाक शीक, चलोवप मागीर."

म्हणून फेजची तार आधी स्टॉपच्या बटणात जाते. हे बटण एरवी मिटलेले असते. तिथून ओव्हरलोडच्या ९५-९६ मधून स्टार्टच्या उघड्या बटणात, मग कॉइलच्या ए-१ला, ए-२ न्यूट्रलला. स्टार्टला समांतर कॉन्टॅक्टरचा स्वतःचाच १३-१४ कॉन्टॅक्ट. बोट काढले तरी तो स्वतःला धरून ठेवतो. स्टॉप मिटलेलाच का? उंदराने तार कुरतडली तर यंत्र आपसूक थांबते. स्टॉप उघडा ठेवला असता तर तुटलेली तार कळलीच नसती आणि ऐन वेळी बटण मुके ठरले असते.

वीज गेली की ही पकड सुटते. वीज परत आली तरी यंत्राला आठवत नाही की आपण चालत होतो. कुणाचे तरी बोट पुन्हा लागते.

याची किंमत एका पावसाळ्यात कळली. करंट गेला. एक कामगार शेपटाकडच्या ड्रमवर चिकटलेला ओला चिखल काढायला आत वाकला. दहाएक मिनिटांनी दिवे लागले. पट्टा हलला नाही.

आदल्याच आठवड्यात त्या पॅनेलमध्ये मेस्तांना १३-१४ वर मारलेला एक जंपर सापडला होता. वीज आली की पट्टा आपोआप सुरू व्हावा, पुन्हा बटण दाबायला जावे लागू नये, म्हणून कुणीतरी केलेली सोय. मेस्तांनी तो उपटला आणि चार दिवस शिव्या खाल्ल्या. त्या संध्याकाळी ते त्या कामगाराला मात्र बोलले. रिलेवरही आंधळा विश्वास नको. ठिणगीने कॉन्टॅक्ट कधी कधी चिकटून बसतात, लाल धूळ पट्टीला अडकवते. आत हात घालायचा तर मेन स्विच पाडायचा, कुलूप घालायचे आणि किल्ली खिशात ठेवायची.

पुढे २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, काही काळाने चालू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. डिचोलीत २०२४ मध्ये परत खनिज निघू लागले. आता पॅनेलमध्ये पीएलसी असतो आणि जुन्या रिलेंचे बरेचसे काम तो करतो. तरी आणीबाणीच्या लाल बटणामागे अजून बहुतेक ठिकाणी खरी तार आणि खरा रिले असतो.

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागलेली आमच्याकडची मुले कधीमधी ड्रॉइंग घेऊन येतात. मी आधी १३-१४ कुठे आहे ते पाहतो आणि मग विचारतो, "वीज जाऊन आली, तर तुझे यंत्र काय करील?" उत्तर द्यायला जो थोडा थांबतो, त्याला मी चहा पाजतो.